पस्तिशी-चाळिशीत बॅले : पेण-रोह्यातून सुरुवात कशी करावी

बॅले सहाव्या-सातव्या वर्षीच सुरू करावे लागते, हे रंगमंचावर पोट भरणाऱ्या नर्तकांपुरते खरे आहे. ज्याला हे नृत्य स्वतःच्या शरीरासाठी आणि आनंदासाठी शिकायचे आहे, त्याला ती अट लागू नाही. लंडनची रॉयल ॲकॅडमी ऑफ डान्स ही १९२० मध्ये स्थापन झालेली संस्था जगभर बॅलेचे शिक्षक घडवते आणि परीक्षा घेते. याच संस्थेने ‘सिल्व्हर स्वान्स’ नावाचा उपक्रम खास पंचावन्न वर्षांपुढच्या लोकांसाठी चालवला आहे आणि त्यात आयुष्यात कधी नाचले नव्हते असेही लोक येतात. त्यामुळे ‘या वयात जमेल का’ या प्रश्नात फार दिवस घालवू नका. खरा प्रश्न सुरुवात कशी करायची हा आहे.

पेण किंवा रोह्यात राहणाऱ्याला दोन अडचणी जास्तीच्या आहेत. बॅले शिकवणाऱ्या संस्था मुख्यतः मुंबई-नवी मुंबईत आहेत, म्हणजे शिक्षक लांब. आणि घरातली जमीन लादीची किंवा कोब्याची, म्हणजे कठीण. या दोन्ही अडचणींतून वाट निघते. त्यासाठी एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते : मोठेपणी बॅले शिकणाऱ्याने वेगाच्या मागे लागू नये, पाया बरोबर घालावा. शाडूची मूर्ती पुरती सुकल्याशिवाय तिला रंग लावत नाहीत, हे पेणकरांना सांगायला नको. इथेही पहिले काही महिने फक्त उभे राहणे, गुडघे वाकवणे आणि पाय सरकवणे एवढेच असते. ते नीट झाले की पुढचे आपोआप सोपे होते.

ही कला आपल्याला परकी नाही

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६६१ मध्ये नृत्याची राजेशाही अकादमी स्थापन केली. बॅलेच्या पायांच्या पाच मूलभूत स्थिती त्याच्या दरबारातल्या पिएर बोशाँ या नृत्यगुरूने पक्क्या केल्या, असे मानले जाते. म्हणून या नृत्याची भाषा आजही फ्रेंच आहे आणि टोकियोपासून मुंबईपर्यंत प्रत्येक वर्गात त्याच संज्ञा ऐकू येतात.

मुंबईने बॅले फार पूर्वी पाहिला. विख्यात रशियन नर्तकी ॲना पाव्हलोव्हा १९२० च्या दशकात आपल्या दौऱ्यात इथे आल्या होत्या. त्यांच्याकडून प्रेरणा घेऊन लीला सोखी, म्हणजेच मादाम मेनका, कथककडे गांभीर्याने वळल्या. त्यांनी पुढे खंडाळ्याला नृत्यालयम ही संस्था काढली. खोपोलीचा घाट चढला की खंडाळा, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याच्या वेशीवरच. कथक नर्तकी दमयंती जोशी मेनकांच्याच पथकात लहानाच्या मोठ्या झाल्या. तुषना डल्लास यांनी १९६६ मध्ये मुंबईत क्लासिकल बॅलेची शाळा सुरू केली. अलीकडच्या काळात येहुदा माओर या इस्रायली-अमेरिकन गुरूंनी मुंबईत मनीष चौहान आणि अमिरुद्दीन शाह यांना घडवले. एक टॅक्सीचालकाचा मुलगा, दुसरा वेल्डरचा. अमिरुद्दीन २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. या दोघांच्या प्रवासावर सूनी तारापोरवाला यांनी ‘ये बॅले’ हा चित्रपट केला. तो २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला आणि त्यात मनीषने स्वतः भूमिका केली.

हा चित्रपट जरूर पाहा, पण त्यातला वेग स्वतःला लावू नका. मनीष ब्रेकडान्स करत बॅलेकडे आला होता. अंगात ताकद आणि उड्यांची सवय आधीपासून होती, आणि गुरूंसमोर रोज तासन्‌तास सराव होता. नोकरी, घर आणि मुलांची शाळा सांभाळून तुम्हाला आठवड्याला मोजके तास मिळणार. घ्यायची ती त्याची चिकाटी. वेळापत्रक मात्र तुमचे स्वतःचे हवे.

सुरुवातीआधी तब्येतीचा हिशोब

चाळिशी उलटली असेल, गुडघा किंवा कंबर आधीच बोलत असेल, रक्तदाब वा हृदयाचा त्रास असेल, हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाले असेल, तर डॉक्टरांना विचारून मगच सुरू करा. विचारताना ‘डान्स करू का’ एवढेच म्हणू नका. ‘गुडघे वाकवणे, चवड्यांवर उभे राहणे आणि पुढे कधीतरी छोट्या उड्या मारणे यात असते’ असे नेमके सांगा, म्हणजे उत्तरही नेमके मिळेल. मधुमेह असलेल्यांनी सरावानंतर रोज तळपाय पाहावेत. पायाची संवेदना कमी झाली असेल तर बुटाने आलेला फोड कळत नाही आणि चिघळतो. गरोदरपणात हे नृत्य नव्याने सुरू करू नये. बाळंतपणानंतरही डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावरच सुरू करावे.

काहींचे सांधे जन्मतःच फार लवचिक असतात, कोपर आणि गुडघे उलट्या दिशेने वाकतात. अशा माणसाला वाटते की आपण बॅलेसाठीच जन्मलो. पण त्यालाच दुखापतीचा धोका जास्त असतो. त्याने ताणण्यापेक्षा ताकद वाढवण्याकडे लक्ष द्यावे आणि गुडघा पूर्ण मागे ढकलून उभे राहण्याची सवय सोडावी.

सगळ्यात महत्त्वाचे : पाय खुब्यातून उघडतो

बॅलेमध्ये दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला उघडलेले असतात. याला टर्नआउट म्हणतात. नवशिक्या माणसाची सगळ्यात मोठी दुखापत इथेच सुरू होते. तो पावले फिरवतो, खुबा मात्र फिरवत नाही. मग पाऊल एकीकडे, गुडघा दुसरीकडे अशी पिरगळ होते आणि काही महिन्यांत गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखू लागते.

पाय किती उघडेल हे बऱ्याच अंशी खुब्याच्या सांध्याच्या हाडांवर ठरते आणि मोठेपणी हाडांचा आकार बदलत नाही. बदलते ती सांध्याभोवतीच्या खोल स्नायूंची ताकद आणि त्यांचा वापर करण्याची सवय. म्हणून चित्रात दिसणारी सरळ रेषेतली पावले विसरून जा. दोन्ही पावलांमध्ये नव्वद अंशांच्या आसपास कोन झाला तरी सुरुवातीला उत्तम.

आपला कोन असा शोधा. पावले समांतर ठेवून टाचा जुळवा. एका हाताने आधार घ्या. वजन टाचांवर घेऊन चवडे किंचित उचला आणि मांड्या खुब्यापासून बाहेर फिरवा. जिथे आपोआप थांबतील तिथे चवडे टेकवा. आता हळूच गुडघे वाकवा. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने जात असेल आणि तळपायाची कमान आत कोसळत नसेल, तर हा कोन तुमचा. गुडघा अंगठ्याच्या आत पडत असेल तर पावले थोडी मिटा.

आपल्याकडे जमिनीवर मांडी घालून आणि उकिडवे बसण्याची सवय आहे. ती टिकवली असेल तर खुबा आणि घोटा मोकळा राहिलेला असतो, हा फायदाच. पण मांडी घालताना खुबा वाकलेला असतो आणि बॅलेत तो ताठ उभ्या अवस्थेत उघडायचा असतो. म्हणून छान मांडी घालता येते तेवढ्यावर टर्नआउट येतो असे धरू नका. त्यासाठी एक सोपा व्यायाम रोज करा : कुशीवर झोपून गुडघे वाकवा, टाचा जुळलेल्या ठेवून वरचा गुडघा उघडा आणि हळू मिटा, प्रत्येक बाजूला बारा वेळा. कंबर मागे कलू देऊ नका.

आधी दुसरे नृत्य केले असेल तर

भरतनाट्यम शिकलेल्यांना अरमंडीमुळे पाय उघडून गुडघे वाकवणे ओळखीचे असते. कथक शिकलेल्यांना चकरा घेताना नजर एका ठिकाणी रोखून डोके शेवटी फिरवणे माहीत असते. बॅलेच्या गिरक्यांतही हेच तंत्र आहे. कोळीनृत्य आणि जाखडीत वाढलेल्यांचा ताल पक्का असतो. ही सगळी पुंजी बरोबर घेऊन या.

मोडावी लागणारी सवय एकच. आपल्या बहुतेक नृत्यांत पाय जमिनीशी बोलतो, पाऊल आपटते, शरीर खाली झुकते. बॅलेत पाऊल आवाज न करता जमीन सोडते आणि सगळे शरीर वर जाण्याचा प्रयत्न करते. गुडघे वाकवतानाही डोक्याचा माथा छताकडेच ओढला जात असल्यासारखा ठेवायचा असतो. ही सवय लागायला वेळ लागतो, आणि लागली की दुकानात, बसच्या रांगेत, ऑफिसातही माणूस वेगळा उभा राहतो.

संगीत मोजण्याचीही भीती नको. बॅलेच्या वर्गात बहुतेक वेळा आठ-आठ मात्रांत मोजतात, ते केरवा ऐकणाऱ्या कानाला सोपे जाते. वॉल्ट्झच्या तीन-तीनच्या गतीसाठी दादरा मनात धरा.

घरातली जागा

दोन्ही हात पसरता येतील आणि एक पाय पुढे-मागे सरकवता येईल एवढी मोकळी जागा पुरे. जमिनीबद्दल मात्र काटेकोर राहा. स्टुडिओत लाकडी फळ्यांखाली पोकळी किंवा रबर असते, त्यामुळे उडीचा धक्का जमीन सोसते. लादीखाली काँक्रीट असते, तो धक्का घोटा, नडगी आणि कंबर सोसते. म्हणून लादीवर उड्या मारायच्या नाहीत, अगदी छोट्याही नाहीत. योगाची चटई टाकून उड्या माराव्यात हाही उपाय नाही. ती बुटाला पकडून ठेवते, पाऊल फिरत नाही आणि गुडघा पिळला जातो. चटई जमिनीवर झोपून करायच्या व्यायामांसाठी ठेवा.

आधारासाठी जी दांडी लागते तिला बार म्हणतात. तिची उंची कमरेपेक्षा थोडी वर, हात सैल ठेवला की कोपर अंगापुढे आरामात वाकेल अशी. जड लाकडी खुर्चीची पाठ, स्वयंपाकाचा ओटा, खिडकीचा मजबूत कठडा चालतो. प्लास्टिकची खुर्ची अजिबात नको. कायमची सोय करायची असेल तर गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून दीड इंची गोल पाइपची, रुंद पायांची सुटी दांडी बनवून घेता येते. जमिनीपासून साधारण साडेतीन फूट उंची ठेवा आणि हलवून पाहा. दांडी फक्त तोल सावरण्यासाठी असते, तिच्यावर अंगाचा भार टाकायचा नसतो.

शक्य असेल तर समोर आरसा ठेवा. आरशाइतकाच उपयोगी मोबाइल. आठवड्यातून एकदा समोरून आणि एकदा बाजूने स्वतःचे चित्रण करा. कंबर पुढे ढकलली जाते का, खांदे कानांकडे चढतात का, हे बाजूच्या चित्रणात लगेच दिसते.

कपडे आणि बूट

गुडघा आणि घोटा दिसेल असे अंगाबरोबरचे कपडे हवेत. लेगिंग किंवा घट्ट ट्रॅकपँट आणि टी-शर्ट पुरतो. बॅलेचा खास पोशाख मोठ्यांच्या वर्गात बहुधा सक्तीचा नसतो. प्रवेश घेताना विचारून घ्या आणि संकोच वाटत असेल तर तसे मोकळेपणाने सांगा. सैल सलवार किंवा पायघोळ पँट मात्र टाळा, कारण शिक्षकाला चूक दिसली नाही तर ती सुधारताही येत नाही. केस घट्ट बांधा. बांगड्या, लांब मंगळसूत्र आणि पैंजण सरावापुरते काढून ठेवा.

बूट मऊ कापडी किंवा कातडी असतात. नवशिक्यांनी अखंड तळाचे घ्यावेत, कारण त्यात तळपायाला काम करावे लागते आणि ताकद येते. मधोमध तुटक तळाचे बूट पुढे घेता येतात. माप पायमोज्यासारखे बेताचे हवे : बोटे सरळ राहावीत, पण पुढे जागा उरू नये. दुकानात किंवा शिक्षकासमोर घालून पाहता आले तर उत्तम. हे बूट घालून अंगणात किंवा जिन्यावर जाऊ नका, तळ खराब होतो. आपल्या दमट हवेत कातडी बुटांना पावसाळ्यात बुरशी धरते. सराव झाला की पंख्याखाली सुकवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत न कोंबता कापडी पिशवीत ठेवा.

टोकावर उभे राहण्याचे कडक बूट, म्हणजे पॉइंट शूज, सुरुवातीला विकत घेऊ नका. ऑनलाइन ते सहज मिळतात आणि मोह होतो. घोटा, पोटरी, पोट आणि खुबा तयार नसताना त्या बुटांत चढणे म्हणजे घोटा मुरगळण्याला आमंत्रण. नियमित शिकणाऱ्यालाही त्यासाठी साधारणपणे काही वर्षे लागतात आणि परवानगी शिक्षक देतात. मोठेपणी शिकणारे अनेक जण मऊ बुटांतच आयुष्यभर नाचतात आणि त्यांच्या नृत्यात काही कमी राहत नाही.

पहिले बारा आठवडे

आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी अर्धा तास. सुरुवातीला आठ-दहा मिनिटे अंग गरम करा : जागच्या जागी चालणे, घोटे आणि खांदे फिरवणे, पाठ हळू गोल करून सरळ करणे. ताणण्याचे व्यायाम सरावाच्या शेवटी करा, अंग गरम असताना, प्रत्येक ताण वीस-तीस सेकंद, हिसके न देता.

पहिले चार आठवडे दोन्ही हात दांडीवर, चेहरा दांडीकडे. पहिली स्थिती म्हणजे टाचा जुळलेल्या, पावले उघडी. दुसरी स्थिती म्हणजे त्याच कोनात पावलांमध्ये साधारण दीड पावलाचे अंतर. या दोन्हींत प्लिए करा : टाचा जमिनीवर ठेवून गुडघे अर्धे वाकवणे, चार मात्रांत खाली, चार मात्रांत वर. टाचा उचलून पूर्ण खाली बसणे सध्या नको, गुडघ्यावर त्याचा ताण फार येतो. मग टॉन्द्यू : गुडघा न वाकवता पाऊल जमिनीवर घासत पुढे, बाजूला, मागे लांबवणे आणि तसेच घासत परत आणणे. जाताना आधी टाच सुटते, मग चवडा, शेवटी फक्त बोटांची टोके जमिनीवर उरतात. परत येताना हाच क्रम उलटा. शेवटी रलवे : दोन्ही चवड्यांवर हळू चढणे, दोन मात्रा थांबणे, त्याहून हळू उतरणे. दहा-बारा वेळा. वर गेल्यावर घोटे बाहेर पडू देऊ नका, वजन पहिल्या दोन बोटांच्या मुळाशी ठेवा.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात दांडीला बाजू करून एक हात सोडा. मोकळा हात खांद्याच्या किंचित खाली, पुढे, कोपर हलकेच वाकलेले ठेवा. टॉन्द्यूचाच वेग वाढवून पाऊल जमिनीपासून थोडेसे उचला, त्याला देगाजे म्हणतात. पायाच्या टोकाने जमिनीवर अर्धवर्तुळ काढणे म्हणजे राँ द जांब. यात पाय फिरतो, कंबर स्थिर राहते. पाचव्या स्थितीऐवजी तिसरी स्थिती घ्या, म्हणजे एका पायाची टाच दुसऱ्याच्या मध्यभागी.

नवव्या ते बाराव्या आठवड्यात दांडी सोडून खोलीच्या मध्यभागी या. दांडीजवळ जमलेले इथे डळमळेल, ते स्वाभाविक आहे. साधे टॉन्द्यू, हातांच्या हालचाली म्हणजे पोर द ब्रा, आणि वॉल्ट्झच्या लयीतले बालांसे हे डोलते पाऊल करा. प्रत्येक सरावाचा शेवट शिक्षकाला आणि संगीताला वंदन करण्याने होतो, त्याला रेव्हराँस म्हणतात. घरी एकटे असाल तरी तो गाळू नका. सराव संपल्याचे शरीराला आणि मनाला त्यातून कळते.

शिक्षक : महिन्यातून दोन रविवारही पुरतात

चित्रफिती पाहून नावे आणि क्रम शिकता येतो, पण तुमचा गुडघा आत पडतोय हे चित्रफीत सांगत नाही. त्यासाठी डोळस माणूस लागतोच. दर आठवड्याला जाणे जमत नसेल तर महिन्यातून दोनदा स्टुडिओत जा आणि मधल्या आठवड्यांत त्याच शिक्षकाचा थेट ऑनलाइन वर्ग घ्या. ऑनलाइन वर्गात मोबाइल असा ठेवा की डोक्यापासून पावलांपर्यंत सगळे दिसेल, आणि उजेड पाठीमागून नको, समोरून हवा.

रोह्याहून आणि पेणहून दिवा-रोहा मेमूने पनवेल गाठता येते, तिथून हार्बर लोकलने बेलापूर, नेरूळ, वाशी किंवा थेट मुंबई. पेणहून एसटीही आहे. फी भरण्याआधी वर्गाच्या वारी, वर्गाच्या वेळेला एकदा प्रवास करून पाहा, परतीच्या गाडीची वेळ पाहा, आणि मगच ठरवा. वर्गाला वीस मिनिटे आधी पोहोचा. अंग गरम न करता मधूनच सामील होणे धोक्याचे असते आणि अनेक शिक्षक उशिरा आलेल्याला उभे करत नाहीत. दोन तास आधी हलके खा. परतीच्या प्रवासासाठी पाणी, केळे किंवा गूळ-चणे बरोबर ठेवा.

चौकशी करताना ‘क्लासिकल बॅले’ असे स्पष्ट म्हणा, कारण मुंबईत बॅले या नावाने नृत्यनाट्येही ओळखली जातात. पुढचे प्रश्न असे :

- शिक्षकाचे प्रशिक्षण कोणत्या पद्धतीत झाले आहे? रॉयल ॲकॅडमी, चेकेत्ती आणि वागानोवा या तीन परंपरा प्रामुख्याने चालतात. पद्धत कोणतीही चालेल, पण उत्तर ठाम हवे.
- मोठ्या नवशिक्यांचा वेगळा वर्ग आहे का? लहान मुलींच्या वर्गात मागे उभे करत असतील तर दुसरीकडे पाहा.
- जमीन लाकडी आणि पोकळीवर बसवलेली आहे का?
- चुका प्रत्येकाला जवळ येऊन सांगतात का? हात लावून सुधारण्याआधी विचारतात का?
- चुकलेला वर्ग भरून मिळतो का, एकेका वर्गाचे पैसे भरता येतात का? लांबून येणाऱ्याला हे महत्त्वाचे.

‘सहा महिन्यांत पॉइंटवर उभे करतो’ असे कोणी म्हणाले, तर नमस्कार करून निघा.

आणखी एक मार्ग आहे. पेण किंवा रोह्यात आवड असणारी पाच-सहा माणसे जमवा आणि महिन्यातून एकदा शिक्षकांनाच बोलवा. प्रवासखर्च आणि मानधन वाटून घ्या. चातुर्मासात लग्ने नसताना मंगल कार्यालये रिकामी असतात, सुट्टीत शाळांचे हॉल असतात. तिथली जमीन कठीण असणार, म्हणून अशा वर्गात उड्या ठेवू नका. दांडीवरचे काम, हात आणि उभे राहणे एवढ्यावर भर द्या. त्यासाठी एक दिवस भरपूर आहे.

वर्षाचे आणि दिवसाचे गणित

सुरुवातीचा मुहूर्त आपल्या कामाप्रमाणे निवडा. पेण, हमरापूर, जोहे परिसरात मूर्तींच्या कारखान्यांत असणाऱ्यांना गणपतीआधी दिवस-रात्र उसंत नसते. त्यांनी अनंत चतुर्दशीनंतर सुरुवात करावी. तासन्‌तास वाकून रंगकाम करणाऱ्याची पाठ आणि मान आखडलेली असते, म्हणून पहिला महिना छाती उघडण्याच्या आणि पाठ सरळ करण्याच्या व्यायामांना जास्त वेळ द्यावा. शेती असणाऱ्यांनी लावणी आणि कापणी टाळून दिवाळीनंतर सुरू करावे. पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्ग आणि रेल्वे दोन्ही बेभरवशाची होतात. ते महिने घरच्या सरावाला आणि ऑनलाइन वर्गाला ठेवा. आणि लक्षात ठेवा, दमट दिवसांत लादीला ओल सुटते. सरावाआधी जमीन कोरडी पुसून घ्या.

धाटाव, नागोठणे किंवा डोलवीच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांनी रात्रपाळी संपवून थेट सराव करू नये. झोप अपुरी असताना तोल आणि लक्ष दोन्ही जाते. आधी झोप घ्या, संध्याकाळी सराव करा. गृहिणींना सकाळी घर उठण्याआधीचा अर्धा तास सोयीचा पडतो. पण सकाळी अंग आखडलेले असते, म्हणून अंग गरम करायला पाच मिनिटे जास्त द्या.

दुखणे ओळखा

नव्या सरावानंतर पोटऱ्या आणि मांड्या एक-दोन दिवस दुखतात, ते स्नायूंचे दुखणे. हलके चालत राहिले की जाते. सांध्याच्या आत टोचणारे, एकाच बिंदूवर येणारे, सूज आणणारे किंवा रात्री जागवणारे दुखणे वेगळे. टाचेमागची शीर सकाळी पहिल्या पावलांना दुखत असेल, नडगीवर बोट दाबले की एका ठिकाणी ठणकत असेल, तर सराव थांबवा, विश्रांती घ्या आणि अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. बाम चोळून वर्ग पूर्ण करण्यात शौर्य नाही. एक आठवडा थांबणे सोपे, सहा महिने थांबणे अवघड.

लोक काय म्हणतील

लहान गावात हा प्रश्न खराच असतो. चाळिशीतल्या बाईने किंवा बँकेतल्या साहेबाने खिडकीला धरून पाय सरकवायला सुरुवात केली की शेजारी विचारणारच. सांगून टाका : बॅले शिकतोय. लपवून केलेली गोष्ट लवकर सुटते. घरच्यांना आपला अर्धा तास सांगून ठेवा, त्यात फोन आणि चहा येऊ देऊ नका. पुरुषांनीही मागे राहू नये. बॅलेत उड्या, गिरक्या आणि जोडीदाराला उचलणे यासाठी ताकद लागते आणि पुरुषांच्या प्रशिक्षणाची या कलेत स्वतंत्र, जुनी परंपरा आहे. आपल्या वजनाबद्दल आणि बांध्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. उपाशी राहून बॅले करण्याचा विचार तर मनातही आणू नका. न खाल्लेले शरीर तोल राखू शकत नाही आणि हाडे कमकुवत होतात.

तीन महिन्यांत तुम्हाला सरळ उभे राहता येईल. वर्षभरात दांडीशिवाय एक छोटी रचना नाचता येईल आणि चांगल्या जमिनीवर छोट्या उड्याही सुरू होतील. कदाचित रंगमंचावर कधीच जाणार नाही, आणि तसे झाले तरी शिकणे वाया जात नाही. मोठ्या माणसाला अर्धा तास केवळ स्वतःच्या शरीराकडे प्रेमाने आणि शिस्तीने पाहता यावे, हे आपल्याकडे फार थोड्यांच्या वाट्याला येते. तो अर्धा तास तुमच्या हक्काचा आहे. येत्या रविवारी जड खुर्ची भिंतीला लावा, टाचा जुळवा आणि पहिला प्लिए करा. आणि त्याच आठवड्यात एका चांगल्या शिक्षकाला फोन करा.